बँडमधला दुसरा आवाज: सीझर रोसास यांच्या 'सोल डिसगाइज'चा प्रकरण अभ्यास

एका प्रस्थापित बँडमधल्या वादकाने स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रिका काढली, की बातमी बहुधा दोनच प्रकारे दिली जाते. एक तर बँड फुटला असे गृहीत धरले जाते, नाहीतर फावल्या वेळातला छंद म्हणून तिची बोळवण होते. लॉस लोबोस या लॉस एंजेलिसच्या रूट्स रॉक बँडचे गिटारवादक व गायक सीझर रोसास यांनी १९९९ साली 'सोल डिसगाइज' प्रसिद्ध केली, तेव्हा या दोन्हीपैकी काहीच घडले नव्हते. चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, संगीत आणि ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत हे दोन वारसे एकाच ध्वनिमुद्रिकेत कसे नांदवावेत, आणि ते स्वतःच्या नावाखाली का करावे, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. कलावंतांची नावे सार्वजनिक नोंदीतली असल्यामुळे ती येथे दिली आहेत; खासगी व्यक्तींची नावे कटाक्षाने टाळली आहेत. त्या काळाची परिस्थिती, बँडची आधीची वाटचाल आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिका यांवरून निर्णयांचा जो अर्थ लावला आहे, तो माझा आहे.

पार्श्वभूमी

लॉस लोबोसची सुरुवात १९७३ साली पूर्व लॉस एंजेलिसमध्ये झाली. डेव्हिड हिडाल्गो आणि लुई पेरेझ यांची ओळख तिथल्या गारफील्ड हायस्कूलमधली. सीझर रोसास आणि बास वाजवणारे कॉनरॅड लोझानो हेही त्याच परिसरात वाढलेले. रोसास यांचा जन्म १९५४ साली मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातील एर्मोसियो येथे झाला आणि लहानपणीच ते लॉस एंजेलिसला आले. बँडमधल्या इतरांपेक्षा सीमेपलीकडचे गाव त्यांच्या थोडे अधिक जवळचे होते. हे पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

'चिकानो' म्हणजे अमेरिकेत वाढलेले मेक्सिकन वंशाचे लोक. साठच्या दशकाच्या अखेरीस हा शब्द अभिमानाने स्वीकारला गेला. १९६८ साली पूर्व लॉस एंजेलिसमधल्या शाळांतून विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले, त्यात गारफील्डही होते, आणि २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेल्या चिकानो मोराटोरियमच्या मोर्चाच्या दिवशी पत्रकार रूबेन सालाझार पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. या वातावरणात वाढलेल्या मुलांनी रॉक बाजूला ठेवून आजी-आजोबांची गाणी शिकायला घेतली, हा त्या पिढीचा जाणीवपूर्वक निर्णय होता. सत्तरच्या दशकातला बराचसा काळ लॉस लोबोस लग्नसमारंभांत आणि उपाहारगृहांत मेक्सिकन लोकसंगीतच वाजवत असत. १९७८ साली त्यांनी स्वतःच काढलेली पहिली ध्वनिमुद्रिकाही त्याच संगीताची होती.

मात्र घरात जसे मेक्सिकन संगीत होते तसे रेडिओवर ऱ्हिदम अँड ब्लूज होते, आणि हे दुसरे संगीत त्यांना उसने वाटण्याचे कारण नव्हते. संगीतकार डॉन टोस्टी यांनी १९४८ साली 'पाचुको बूगी' ध्वनिमुद्रित केले, तेव्हाच बूगीच्या चालीवर कालो ही चिकानो तरुणांची बोली बसवली गेली होती. पन्नासच्या दशकात एल मॉन्टे येथील लीजन स्टेडियममध्ये रेडिओ निवेदक आर्ट लबो यांनी भरवलेल्या नृत्यसंध्यांना गोरी, काळी आणि चिकानो मुले एकत्र येत, कारण लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीतले नियम अल्पवयीनांच्या अशा कार्यक्रमांच्या आड येत. १९५८ साली रिची व्हॅलेन्स यांनी 'ला बाम्बा' या व्हेराक्रूझच्या लोकगीताला इलेक्ट्रिक गिटारची जोड दिली. १९६५ साली दी मिडनायटर्स आणि कॅनिबल अँड द हेडहंटर्स या पूर्व लॉस एंजेलिसच्या मंडळ्यांनी सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज आपल्या मोहल्ल्याच्या उच्चारात गायले. थोडक्यात, ब्लूज आणि चिकानो यांचा संयोग रोसास यांनी घडवला नाही, तो त्यांना वारशाने मिळाला. 'दोन संस्कृतींचा संगम' असे शब्द वापरले की जणू आधी दोन वेगळे काठ होते असा भास होतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवले. ज्या मुलाच्या घरी एकाच दिवशी रांचेरा हे मेक्सिकन ग्रामीण गीत आणि सोल दोन्ही वाजत, त्याला काठ ठाऊक नसतात.

१९८३ साली 'अँड अ टाइम टू डान्स' या छोट्या ध्वनिमुद्रिकेने बँड राष्ट्रीय पातळीवर आला. तिच्यातल्या 'आन्सेल्मा'ला ग्रॅमी मिळाले. १९८४ च्या 'हाऊ विल द वुल्फ सर्व्हाइव्ह?'ने समीक्षकांची मान्यता मिळवून दिली. मग १९८७ साली रिची व्हॅलेन्स यांच्या जीवनावरील चित्रपटासाठी त्यांनी गायलेले 'ला बाम्बा' अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि या बँडकडे पाहण्याची जगाची नजर एका गाण्यात अडकली.

अडचण

या बँडमध्ये कामाची वाटणी लवकर ठरून गेली होती. बहुतेक गाणी हिडाल्गो आणि पेरेझ ही जोडी लिहीत असे. पेरेझ यांचे शब्द आणि हिडाल्गो यांचा उंच, कोवळा आवाज हीच बँडची ओळख बनली. रोसास यांचा वाटा मोजका असे, पण तो ठळक असे. त्यांचा आवाज खरखरीत आणि रांगडा आहे, गिटार ते डाव्या हाताने वाजवतात, आणि त्यांच्या नावाची गाणी बहुधा दोन टोकांची असत: एक तर सरळ ब्लूज वा ऱ्हिदम अँड ब्लूज, नाहीतर स्पॅनिशमधले नॉर्तेन्यो (उत्तर मेक्सिकोतले ॲकॉर्डियनप्रधान संगीत) किंवा कुम्बिया (लॅटिन अमेरिकेतला नृत्यप्रकार). १९९० च्या 'द नेबरहूड'मधले 'आय कान्ट अंडरस्टँड' हे गाणे त्यांनी विली डिक्सन यांच्यासह लिहिले आहे. शिकागो ब्लूजच्या इतिहासातील या थोर गीतकाराबरोबर गाणे लिहिणे म्हणजे त्या परंपरेच्या घरातच प्रवेश मिळण्यासारखे होते. १९९२ च्या 'किको'मध्ये 'दॅट ट्रेन डोन्ट स्टॉप हिअर' हे ब्लूज वळणाचे गाणे त्यांचे आहे.

'किको'पासून बँडची दिशा बदलली. निर्माते मिचेल फ्रूम आणि ध्वनियोजनकार चॅड ब्लेक यांच्या सोबतीने स्टुडिओ हेच जणू एक वाद्य झाले; आवाज मुद्दाम कुरतडलेले, ढोल दुरून आल्यासारखे, गाण्यांचे आकार स्वप्नासारखे सैल. १९९६ च्या 'कोलोसल हेड'मध्ये ही वाट आणखी पुढे गेली. मला स्वतःला 'किको' ही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली अमेरिकेतली फार मोठी ध्वनिमुद्रिका वाटते. पण अशा ध्वनियोजनेत बारा बारच्या, म्हणजे बारा छोट्या तालखंडांच्या, साध्या ब्लूजचे स्थान काय, हा प्रश्न उरतो. रोसास यांची गाणी त्या ध्वनिमुद्रिकांमध्ये श्रोत्याला क्षणभर ओळखीच्या जमिनीवर उतरवतात. तेवढे त्यांचे काम असे. सलग चाळीस मिनिटे त्या जमिनीवर चालावे अशी इच्छा असलेल्या कलावंताला बँडच्या आत तेवढी मोकळी जागा राहिली नव्हती.

'कोलोसल हेड'नंतर वॉर्नर ब्रदर्स या कंपनीशी बँडचे नाते संपले आणि पुढची ध्वनिमुद्रिका येईपर्यंत तीन वर्षे गेली. ज्या माणसाजवळ न वापरलेली गाणी साठत जातात, त्याला हा काळ जितका मोकळा तितकाच जाचक वाटणार. 'सोल डिसगाइज' या काळातून आली.

समोर असलेले मार्ग

दोन वारसे एकत्र कसे मांडावेत यासाठी कागदावर अनेक मार्ग काढता येतात. या प्रकरणाची गंमत अशी की त्यातला जवळजवळ प्रत्येक मार्ग लॉस लोबोसने किंवा त्यातल्या माणसांनी आधीच चालून पाहिला होता आणि त्याचे फळ रोसास यांच्या डोळ्यांसमोर होते.

पहिला मार्ग विभागणीचा. 'ला बाम्बा'च्या यशानंतर, बाजार आणखी एका नाचत्या गाण्याची वाट पाहत असताना, बँडने १९८८ साली 'ला पिस्तोला ई एल कोरासोन' ही पूर्णपणे पारंपरिक, विजेच्या गिटारशिवायची स्पॅनिश ध्वनिमुद्रिका काढली. तिला ग्रॅमीही मिळाले. रोसास यांना असेच करता आले असते: एक संपूर्ण नॉर्तेन्यो ध्वनिमुद्रिका, किंवा एक संपूर्ण ब्लूज ध्वनिमुद्रिका. विक्रीच्या दृष्टीने हे सोपे असते, कारण दुकानदाराला ती कोणत्या फळीवर ठेवावी हे कळते. पण त्यात माणसाचा अर्धाच भाग एका वेळी दिसतो.

दुसरा मार्ग एकजीव करण्याचा, म्हणजे 'किको'चा. तो बँडमध्ये चालूच होता आणि तो हिडाल्गो-पेरेझ यांच्या प्रतिभेला अधिक मानवणारा होता. त्याच दोघांनी फ्रूम आणि ब्लेक यांच्यासह लॅटिन प्लेबॉईज नावाने १९९४ साली वेगळी ध्वनिमुद्रिकाही काढली होती, म्हणजे बँडबाहेर जोडप्रकल्प करण्याचा तिसरा मार्गही खुला होता. त्याचा फायदा असा की जबाबदारी वाटली जाते आणि नवे नाव घेतल्यामुळे जुन्या नावाच्या अपेक्षा मागे राहतात.

चौथा मार्ग सामूहिक मैफलीचा. १९९८ साली लॉस सुपर सेव्हन या नावाने टेक्सास आणि कॅलिफोर्नियातले नामवंत एकत्र आले. त्यात फ्लाको हिमेनेझ, फ्रेडी फेंडर, रिक ट्रेव्हिन्यो, रूबेन रामोस, जो ईली यांच्याबरोबर हिडाल्गो आणि रोसास दोघेही होते. त्या ध्वनिमुद्रिकेला १९९९ साली मेक्सिकन-अमेरिकन संगीताचे ग्रॅमी मिळाले. तिथे रोसास मोठ्या पंगतीत बसलेले होते. पंगतीत आपल्या पानात काय वाढले जावे हे एकटा माणूस ठरवत नाही.

पाचवा मार्ग म्हणजे काहीच न करणे: गाणी जपून ठेवणे आणि बँडला नवी कंपनी मिळाल्यावर त्यातली दोन-तीन तिथे देणे. हा मार्ग वाटतो तितका भित्रा नाही. पंचवीस वर्षे टिकलेल्या बँडमध्ये एकाने वेगळे नाव लावणे ही नाजूक गोष्ट असते, आणि ज्याचा वाटा आधीच कमी आहे त्याने ते केले तर त्याकडे तक्रार म्हणून पाहिले जाण्याची शक्यता अधिक.

रोसास यांनी सहावा मार्ग घेतला. स्वतःचे नाव, स्वतःची निर्मिती, आणि दोन्ही वारसे एकाच ध्वनिमुद्रिकेत, पण एकमेकांत न विरघळवता.

काय केले

ध्वनिमुद्रिका रायकोडिस्क या कंपनीकडून आली. ही कंपनी १९८३ साली केवळ कॉम्पॅक्ट डिस्क काढण्यासाठी स्थापन झाली, फ्रँक झाप्पा आणि डेव्हिड बोवी यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या काळजीपूर्वक काढलेल्या आवृत्त्यांसाठी नावाजली, आणि १९९८ साली आयलंड रेकॉर्ड्सचे संस्थापक ख्रिस ब्लॅकवेल यांच्या ताब्यात गेली. वॉर्नरसारख्या प्रचंड कंपनीच्या अनुभवानंतर मध्यम आकाराची, जाणकार ग्राहक असलेली कंपनी निवडणे हा पहिला शहाणा निर्णय होता. ज्या ध्वनिमुद्रिकेला एका फळीवर बसवता येत नाही, तिला फळ्यांची पर्वा न करणारा विक्रेता लागतो.

निर्मितीची सूत्रे रोसास यांनी स्वतःकडे ठेवली. त्याचा परिणाम पहिल्याच 'लिटल हेवन'पासून ऐकू येतो. 'किको'तले धुके इथे नाही. गिटार गिटारसारखी वाजते, ढोल खोलीत वाजतो आणि आवाज पुढे उभा असतो. 'टफ टू हँडल', 'स्ट्रक', 'बेटर वे', 'ट्रीट मी राइट' ही नावेच सांगतात की आपण प्रेमाच्या तक्रारींच्या, जुन्या रेडिओच्या प्रदेशात आहोत. 'सोल डिसगाइज' या शीर्षकातल्या 'सोल' शब्दाला दोन अर्थ आहेत, अंतरात्मा आणि एक संगीतप्रकार, आणि 'वेषांतर' या शब्दामुळे दोन्ही अर्थ हलते राहतात. सोल संगीत हा चिकानो माणसाचा बाहेरचा वेष आहे की आतला, हा प्रश्न ते शीर्षक ऐकणाऱ्यापुढे ठेवते.

मग उत्तरार्धात 'आदिओस मी विदा' आणि 'आंखेलितो' ही स्पॅनिश नावाची दोन गाणी येतात, आणि शेवट 'ई. लॉस बॅलड नंबर १३'ने होतो. 'ई. लॉस' म्हणजे ईस्ट लॉस, पूर्व लॉस एंजेलिसचे तिथल्या लोकांच्या तोंडचे नाव. बारा गाण्यांच्या या यादीत एवढे एकच शीर्षक जागेचा पत्ता देते, आणि ते शेवटी येते.

आता मुख्य निर्णयाकडे येतो: मिसळावे की शेजारी ठेवावे. हा केवळ आवडीचा प्रश्न नाही, त्याला सुरांचे कारण आहे, आणि मराठी वाचकाला ते आपल्या परिभाषेत चटकन समजेल. ब्लूज आणि नॉर्तेन्यो रांचेरा हे दोन्ही प्रकार मुख्यतः तीन स्वरसमूहांवर, म्हणजे षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेल्या कॉर्डवर चालतात. वरवर पाहता ते सहज एकत्र यायला हवेत. पण ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या दरम्यान डोलत असतो; गायक तो ओढतो, गिटारवादक तार ताणून तो वाकवतो, आणि सगळी व्यथा त्या डोलण्यात असते. नॉर्तेन्योमध्ये दोन आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने समांतर गातात, त्यामुळे गंधार पक्का उभा राहावा लागतो. त्यात ॲकॉर्डियन हे पात्यांचे वाद्य आहे. आपल्या हार्मोनियमवर जशी मींड घेता येत नाही, तसाच ॲकॉर्डियनचा स्वर ठरलेल्या जागीच वाजतो. ठेकाही वेगळा. एकोणिसाव्या शतकात टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत आलेल्या जर्मन व चेक वसाहतकऱ्यांकडून पोल्काची दोन मात्रांची सरळ चाल आली. तिच्यात बाहो सेक्स्तो, म्हणजे सहा जोड-तारांची बारा तारांची जाड गिटार, पहिल्या मात्रेला मंद्र स्वर आणि दुसऱ्या मात्रेला झणत्कार देते. ब्लूजची मात्रा मात्र तीन भागांत झुलते.

लुइझियानात क्लिफ्टन शेनिए यांनी ॲकॉर्डियनवर ब्लूज वाजवून हे अशक्य नाही हे दाखवले आहे. पण त्यासाठी ॲकॉर्डियनला ब्लूजच्या घरी राहायला जावे लागले आणि त्यातून झायडेको हा तिसराच प्रकार घडला. रोसास यांना तिसरा प्रकार नको होता असे ध्वनिमुद्रिका ऐकून वाटते. त्यांना ब्लूजचा गंधार डोलताच हवा होता आणि नॉर्तेन्योचा गंधार उभाच हवा होता. दोन्ही एकाच गाण्यात आणले असते तर एकाला आपला स्वभाव सोडावा लागला असता. म्हणून त्यांनी ती गाणी शेजारी ठेवली आणि जोडण्याचे काम स्वतःच्या आवाजावर सोपवले. खरखरीत, किंचित पुढे झुकलेला तोच आवाज इंग्रजीत सोल गातो आणि स्पॅनिशमध्ये निरोपाचे गाणे गातो, आणि हा माणूस एकच आहे याबद्दल श्रोत्याला शंका राहत नाही. मला हाच या प्रकरणातला सर्वांत पटलेला निर्णय वाटतो. मिश्रण करणे आधुनिक वाटते आणि शेजारी ठेवणे मागास वाटते, असा समज संगीतावर लिहिणाऱ्यांत फार पसरला आहे. चिकानो घरांतला दिवस मात्र मिश्रणाने बनत नसे. सकाळी एक भाषा, शाळेत दुसरी, संध्याकाळी पुन्हा पहिली, असा तो बनत असे, आणि या ध्वनिमुद्रिकेची रचना त्या दिवसाशी प्रामाणिक आहे.

परिणाम

बाजारात या ध्वनिमुद्रिकेने खळबळ उडवली नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती. लॉस लोबोसच्या श्रोत्यांना त्यातला एक आवाज पहिल्यांदा सलग ऐकायला मिळाला. बँडवर काय परिणाम झाला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. बँड फुटला नाही. त्याच वर्षी हॉलिवूड रेकॉर्ड्सकडून लॉस लोबोसची 'धिस टाइम' आली आणि तिच्यात रोसास यांचे 'कुम्बिया रासा' होते. त्यानंतरच्या दोन दशकांत त्यांची गाणी बँडमध्ये नियमाने येत राहिली: २००६ च्या 'द टाउन अँड द सिटी'मध्ये 'चुकोज कुम्बिया', २०१० च्या 'टिन कॅन ट्रस्ट'मध्ये 'यो कान्तो' आणि 'मुहेर इंग्राता', २०१५ च्या 'गेट्स ऑफ गोल्ड'मध्ये 'मिस-ट्रीटर बूगी ब्लूज' आणि 'पोकितो पारा आकी'. शेवटच्या जोडीकडे लक्ष द्यावे. एक बूगी ब्लूज, दुसरे स्पॅनिश, दोन्ही एकाच माणसाची, एकाच ध्वनिमुद्रिकेत, आणि एकमेकांत न मिसळलेली. १९९९ साली स्वतःच्या नावाखाली जी मांडणी त्यांनी करून पाहिली, तीच बँडमध्ये त्यांची कायमची जागा बनली.

एकल ध्वनिमुद्रिका म्हणून रोसास यांच्या नावावर आजवर ही एकच आहे. 'तो प्रयोग फसला म्हणून पुढे गेला नाही' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. १९९९ याच वर्षी रोसास यांच्या कुटुंबावर एक अत्यंत क्रूर आघात झाला. त्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही, पण त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब केवळ कारकिर्दीच्या भाषेत मांडणे अन्यायाचे ठरेल. तो माणूस पुन्हा रंगमंचावर उभा राहिला आणि बँडबरोबर गात राहिला, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी शंका काळाबद्दल आहे. १९९९ या एकाच वर्षात लॉस लोबोसच्या घरातून चार ध्वनिमुद्रिका बाहेर पडल्या: रोसास यांची ही, लॅटिन प्लेबॉईजची 'डोस', हिडाल्गो आणि माइक हॅल्बी यांची 'हाउंडॉग', आणि खुद्द बँडची 'धिस टाइम'. त्यातली 'हाउंडॉग' तर ब्लूजचीच, पण अतिशय संथ आणि काळोखी. म्हणजे ब्लूज ऐकू इच्छिणाऱ्या लॉस लोबोसच्या चाहत्यासमोर एकाच वर्षी एकाच घरातले दोन पर्याय होते. या चार ध्वनिमुद्रिकांबद्दल लिहिणाऱ्यांनी या सगळ्यांचे एकत्र गाठोडे बांधले तर त्यात त्यांचा दोष फार नाही; आणि गाठोड्यात सर्वांत साधी, सर्वांत कमी विचित्र वस्तू आधी दुर्लक्षित होते. 'सोल डिसगाइज' १९९७ साली, 'कोलोसल हेड' आणि लॉस सुपर सेव्हन यांच्या मधल्या पोकळीत आली असती, तर तिला स्वतःचे वर्ष मिळाले असते. ध्वनिमुद्रिकेची वेळ एकट्या कलावंताच्या हाती नसते हे खरे. तरी ज्याच्या हाती ती काही अंशी असते, त्याने आपल्याच घरातल्या इतरांचे वेळापत्रक आधी पाहावे.

दुसरी शंका क्रमाची. स्पॅनिश गाणी उत्तरार्धात शेजारी शेजारी ठेवल्यामुळे ती स्वतंत्र दालनासारखी वाटतात. जो श्रोता पहिली पाचसहा गाणी ऐकून मत बनवतो, त्याच्या मते ही ऱ्हिदम अँड ब्लूजची ध्वनिमुद्रिका ठरते, आणि अर्धा माणूस न दिसण्याचा जो धोका विभागणीच्या मार्गात होता, तोच इथे मागच्या दाराने शिरतो. 'आदिओस मी विदा' दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्थानी असते, तर पहिल्या दहा मिनिटांतच घराच्या दोन्ही खोल्या उघडल्या असत्या. याला एक उत्तर देता येईल: ध्वनिमुद्रिका जसजशी पुढे जाते तसतसा गायक घराजवळ येतो, आणि म्हणूनच शेवटच्या शीर्षकात ईस्ट लॉसचा पत्ता येतो. हे उत्तर मला सुंदर वाटते. तरीही ज्या बँडला 'ला बाम्बा'मुळे स्पॅनिश म्हणजे एकच गाणे अशा चौकटीत अडकावे लागले, त्यातल्या कलावंताने स्पॅनिश गाणे सुरुवातीलाच, सहजपणे ठेवणे ही त्या चौकटीला दिलेली अधिक ठाम टक्कर ठरली असती.

तिसरी गोष्ट निर्मितीची. स्वतःच निर्माता असण्यातून जी स्वच्छता आली तिचे कौतुक वर केले आहे, पण तिची किंमतही आहे. मधल्या दोन-तीन गाण्यांत, जिथे चाल ओळखीची आणि शब्दही ओळखीचे आहेत, तिथे कोणीतरी बाहेरचा माणूस 'हे अजून एकदा गाऊन पाहू' असे म्हणायला हवा होता असे वाटत राहते. विली डिक्सन यांच्यासह लिहिलेल्या गाण्यात दुसऱ्या माणसाच्या हातामुळे जी धार आली होती, तिची आठवण अशा ठिकाणी होते. परिचित प्रकारात काम करणाऱ्याला परक्या कानाची गरज अपरिचित प्रकारात काम करणाऱ्यापेक्षा अधिक असते, कारण त्याच्या चुका कानाला खटकत नाहीत.

बँडने २०२१ साली 'नेटिव्ह सन्स' ही ध्वनिमुद्रिका काढली. लॉस एंजेलिस शहराच्या संगीताला वाहिलेल्या या गाण्यांत लालो गरेरो यांचे 'लॉस चुकोस सुआवेस' आहे आणि दी मिडनायटर्सचे 'लव्ह स्पेशल डिलिव्हरी'ही आहे. म्हणजे एका बाजूला चाळीसच्या दशकातल्या पाचुकोंचे, म्हणजे झोकदार पोशाखातल्या चिकानो तरुणांचे, गाणे, दुसऱ्या बाजूला साठच्या दशकातला मोहल्ल्यातला सोल. या ध्वनिमुद्रिकेला २०२२ साली अमेरिकाना विभागाचे ग्रॅमी मिळाले. 'सोल डिसगाइज'नंतर ती ऐकली, तर ज्या दोन खोल्या रोसास यांनी १९९९ साली एकट्याने उघडल्या होत्या, त्यांतून आता सगळा बँड ये-जा करताना ऐकू येतो.